एकशे साठ माणसं, एकशे एक्याण्णव ब्रश

मित्रांनो, मी एक जुना फॉर्म आहे. पाहणीचा फॉर्म. जुना आहे हे तुम्हाला दिसेलच, कारण माझी एक कड पिवळी पडली आहे आणि दुसऱ्या कडेवर चहाच्या कपाचा गोल उमटला आहे. काही नशीबवान फॉर्मांना साहेबांचा शिक्का मिळतो. मला कप मिळाला.

फॉर्म शांत पडून असतात असा तुमचा समज असेल, तर तो काढून टाका. आम्हाला पाय नाहीत म्हणून आम्ही येरझाऱ्या घालत नाही, एवढंच. मी तर गठ्ठ्यातला सगळ्यात बेचैन कागद. माझ्या वरच्या आणि खालच्या फॉर्मांची कायम तक्रार, की हा सारखा सळसळतो, डोळ्याला डोळा लागू देत नाही. पण माझ्या पोटात एक खोटं आहे, आणि पोटात खोटं असलं की झोप येत नाही. हवं तर करून बघा. नको, करून बघू नका.

माझा जन्म छापखान्यात झाला. एका दिवसात आम्ही चाळीस हजार भावंडं जन्मलो, सगळी एकाच तोंडवळ्याची, त्यामुळे कोण कोणावर गेलंय हा वाद आमच्या घरात कधी झाला नाही. प्रत्येकाच्या कपाळावर ठळक अक्षरांत एक वाक्य होतं : ‘या फॉर्ममधील माहिती गुप्त ठेवली जाईल. ती कोणालाही दाखवली जाणार नाही.’ हे आमच्या घराण्याचं वचन. त्याखाली चोवीस प्रश्न. घरात माणसं किती, त्यांची वयं काय, कोण काय काम करतं, पाणी कुठून येतं, मूल आजारी पडलं तर रजा कोण घेतं. कसे भारदस्त प्रश्न! वाचताना आपोआप पाठ ताठ व्हावी असे.

आणि मग प्रश्न तेविसावा : ‘घरात दात घासायचे ब्रश किती? मोठे – , छोटे – .’

त्याचं असं झालं, की पाहणीचे मुख्य साहेब आणि दंत विभागाचे मुख्य साहेब दुपारी एकाच बाकावर डबा खायचे. दंतवाल्यांनी वर्षभर एकच धोशा लावला, “एक प्रश्न माझाही घाल ना रे.” शेवटी डबा सुखाने खाता यावा म्हणून पाहणीवाल्यांनी तो घातला. आम्हा चाळीस हजार भावंडांना त्या प्रश्नाची अतोनात लाज वाटायची. न्यायाधीशाच्या झग्यावर मागच्या बाजूला बदकाचं चित्र असावं आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना दिसावं, तसं आमचं झालं होतं.

मला भरायला आले ते चित्रकलेचे सर. शाळेने त्यांना पाहणीच्या कामाला जुंपलं, कारण गणिताच्या सरांनी आदल्याच दिवशी कंबर धरली होती. चित्रकलेचे सर स्वभावाने गरीब, अक्षर मोत्यासारखं, आणि दिशेचं ज्ञान शून्य. त्यांच्या वाट्याला आली बत्तीस घरांची एक चार मजली इमारत. तिथल्या घरांना नंबर होते, पण दारं ज्या क्रमाने बसवली त्या क्रमाने दिलेले. त्यामुळे तीन नंबरच्या शेजारी चौदा, चौदाच्या शेजारी सत्तावीस, आणि एक नंबर थेट गच्चीखाली. सर अर्धा तास फिरले आणि एकाच घरात तीनदा गेले. त्या घराने त्यांना तिन्ही वेळा पाणी दिलं, तिसऱ्यांदा जरा जपूनच दिलं.

तेवढ्यात जिन्यात खणखणाट झाला आणि चावीवाले भाऊ अवतरले. हे घरमालकाचे कारभारी. भाडं गोळा करायचं, भांडणं मिटवायची आणि कमरेला बत्तीस किल्ल्यांचा जुडगा बाळगायचा, ही त्यांची नोकरी.

“सर, असे फिरत राहिलात तर निवृत्त व्हाल इथेच. चला, मी दाखवतो घरं,” भाऊ म्हणाले.

सरांना देव भेटल्यासारखं झालं. आणि मित्रांनो, घोडचूक झाली ती इथेच. सरांचं गाडं अडलं होतं, भाऊ खरोखर मदत करत होते, कोणाच्याच मनात पाप नव्हतं. पण जिन्याच्या तळाशी मालकाने एक पाटी लावली होती : ‘एका घरात पाच माणसं. सहावं आढळल्यास घर रिकामं करावं लागेल.’ आणि माणसं मोजायला येणाऱ्या सरांच्या शेजारी मालकाचाच माणूस चालत होता. म्हणजे बोक्याला बरोबर घेऊन उंदरांची जनगणना.

किल्ल्यांचा आवाज माणसांच्या एक मजला पुढे पोचायचा. तो ऐकला की प्रत्येक दारामागे धावपळ व्हायची, आणि घरातलं सगळ्यात छोटं माणूस कुठेतरी ठेवून दिलं जायचं. छोटंच का? कारण ते मावतं.

चौदा नंबरचं दार उघडायला जरा वेळच लागला. आत आधी काहीतरी आपटलं, मग कोणीतरी “हलायचं नाही हं” म्हणालं, मग एकदम शांतता. दार उघडलं ते घरातल्या आईने. ती खोकी बनवायच्या कारखान्यात कामाला होती, तिची बोटं गोंदाने कायम चिकट, आणि त्या दिवशी चेहऱ्यावरचं हसूही गोंदाने चिकटवल्यासारखं.

घरात टेबल नव्हतं. कोपऱ्यात कपडे भिजवायचा एक मोठा टब उपडा घातला होता. सर खाली बसले आणि त्यांनी मला पॅडसकट त्या टबावर ठेवलं.

“माणसं किती?”

“पाच,” आई म्हणाली. शिवाय पाच बोटंही दाखवली.

ती स्वतः, तिचा रंगारी नवरा, सासू, दीर आणि नऊ वर्षांची मोठी मुलगी. सरांनी पाच लिहायला घेतला आणि टब वीतभर सरकला. पाचाला जे शेपूट आहे ना, ते माझ्या अंगावर थेट पुढच्या प्रश्नापर्यंत गेलं.

“हे काय?” सर दचकले.

“उंदीर,” आई म्हणाली.

“टब हलवतो?”

“खातो चांगला.”

टबाखालून बारीक खुदखुद ऐकू आली.

“आणि... हसतो?”

“सर्दी झालीय त्याला,” कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, चावीवाल्या भाऊंना हे दिसलं नाही? भाऊ कोणाच्याही घरात काहीच बघत नसत. इतक्या वर्षांत ते एक शिकले होते, की ज्या वस्तूकडे आपण बघू ती दुरुस्त करून मागतात. छताकडे बघितलं की गळती, खिडकीकडे बघितलं की कडी. म्हणून घरात शिरले की ते फक्त आपल्या किल्ल्यांकडे बघायचे.

पण मला बघायची गरजच नव्हती. मी त्या टबावर होतो. माझ्या खाली एक मूल श्वास घेत होतं, ते मला ऐकू येत होतं, आणि त्याच वेळी माझ्यावर लिहिलं जात होतं, की ते मूल नाही. त्या दिवशी माझी झोप गेली ती गेलीच.

मग आला तेविसावा प्रश्न. सर तो नेहमी खाली मान घालून विचारायचे. पण सासूबाईंना तोवर कोणी काहीच विचारलं नव्हतं. त्या लगबगीने उठल्या आणि मोरीतून ब्रशांचा पेलाच घेऊन आल्या.

“हे बघा. मोठे चार. हा लाल माझा.”

“आजी, पण तुम्हाला दात...”

“नाहीत. म्हणून काय ब्रशपण नको? घरात सगळ्यांना आहे. मी काय पाहुणी आहे?” सासूबाईंनी लाल ब्रश सरांच्या नाकासमोर धरला. “आणि हे छोटे दोन. एक मोठीचा, आणि एक...”

आई जोरात खोकली.

“...आणि एक जास्तीचा,” सासूबाई म्हणाल्या.

सरांनी लिहिलं : मोठे चार, छोटे दोन. शिवाय प्रामाणिकपणे कडेला टीप दिली : ‘आजींना दात नाहीत. ब्रश आहे.’ माझ्या अंगावर इतकं खरं दुसरं काहीही नाही.

शेवटी भाऊंनी सरांना बत्तीस नंबरला नेलं. ते भाऊंचंच घर. बरोबर सरकारी माणूस आहे म्हणून त्यांनी रीतसर स्वतःच्या दाराची बेल वाजवली. त्यांच्या बायकोने दार उघडलं, किल्ल्या बघितल्या, पॅड बघितलं, आणि नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत म्हणाली, “पाच.” अजून कोणी काही विचारलंही नव्हतं.

त्या घराचा फॉर्म गठ्ठ्यात माझ्या बरोबर खाली आला. त्यावर मूल एक, छोटे ब्रश तीन. आम्ही दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी कधी चर्चा केली नाही. घराण्याचं वचन.

कचेरीत आमचं फार कौतुक झालं. बत्तीस घरं, प्रत्येक घरात पाच! पाहणीचे मुख्य साहेब हरखून गेले. त्यांनी आमचा आलेख काढायला लावला. तो आला सरळ रेघ. “शिस्त म्हणजे काय ते या इमारतीकडून शिकावं,” असं म्हणत साहेबांनी ती रेघ चौकटीत घालून भिंतीवर लावली. सहा वर्षांखालचं मूल इमारतीत एकही नाही, हेही साहेबांच्या लक्षात आलं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, “फारच शिस्त!”

मग आम्हाला मागच्या खोलीत रॅकवर टाकलं. तिथे राज्य दप्तरीकाकांचं. काकांचे गुडघे दुखायचे, आणि ते कसे दुखतात हे त्यांनी प्रत्येक गठ्ठ्याला स्वतंत्रपणे सांगितलं होतं. मी सळसळलो की ते म्हणायचे, “काय रे, पंखा पण बंद आहे, तुला कसला वारा लागतोय?” आणि वर वजन ठेवायचे. वर्षभर मी त्या वजनाखाली तळमळत होतो. पाच. पाच. पाच. माझ्या अंगावरचा एक आकडा खोटा होता आणि तो खोडायला मला हात नव्हता.

एक दिवस काकांनी आमचा गठ्ठा उचलला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. टेबलासमोर कोण? चौदा नंबरची आई. तिच्या शेजारी बालवाडीच्या बाई, बाईंबरोबर चार मुलं, आणि पलीकडच्या खुर्चीत चावीवाले भाऊ, मांडीवर जुडगा घट्ट धरून.

प्रकरण असं होतं, की इमारतीसमोर एका खोलीत बालवाडी चालायची. आया सकाळी आठला मुलं सोडायच्या आणि चारला न्यायच्या. ती खोली त्याच घरमालकाची होती. आता त्याला तिथे गोदाम हवं होतं, आणि त्याने अर्ज केला होता की या भागात लहान मुलंच नाहीत, तेव्हा बालवाडी बंद करावी. पुरावा म्हणून दाखवले होते आमचेच आकडे.

“हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब? मुलं ही काय समोर उभी आहेत,” बाई म्हणाल्या. खरं तर तीनच उभी होती. चौथं साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर चढलं होतं.

“ती दिसताहेत. पण कागदावर नाहीत,” साहेब मान न वळवता म्हणाले, कारण मुलाने त्यांचा कान धरला होता.

“हजेरीपट आहे माझा. चौतीस मुलं आहेत.”

“हजेरीपट तुमचा, नोकरी तुमची. घरचाच साक्षीदार झाला तो. आणि पत्त्याच्या रकान्यात बघा काय लिहिलंय. ‘मावशीकडे.’ पुढचं मूल? ‘मावशीकडे.’ चौतीसच्या चौतीस मुलं मावशीकडे? ही कोण मावशी आहे, आणि तिचं घर केवढं आहे?”

आई सांगू शकत होती. एका वाक्याचं काम होतं, की साहेब, यातली एक माझी. पण शेजारच्या खुर्चीत जुडगा होता. सांगावं तर घर जाणार. न सांगावं तर बालवाडी जाणार, बालवाडी गेली की कारखाना सुटणार, आणि कारखाना सुटला की घर टिकवायचं कशावर? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभी राहिलेली ही बाई आपल्या बोटांवरचा सुकलेला गोंद सोलत होती.

तेवढ्यात चार मुलांतली एक पिटुकली तिच्याकडे धावली आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारून म्हणाली, “आई, घरी चल ना.”

आवाज मी ओळखला. मी तो टबाखालून ऐकला होता. ही टिल्ली.

आईने भाऊंकडे बघितलं. मग खाली वाकून, तिचे हात सोडवत, हळूच म्हणाली, “मावशी म्हण.”

टिल्लीने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, “मावशी, घरी चल ना.”

मित्रांनो, कागदाला स्वतःला फाडून घेता येत नाही. येत असतं तर मी तेव्हा मधोमध फाटलो असतो. मी एवढा फडफडलो की साहेबांनी पंखा बारीक करायला सांगितला, आणि पंधरा दिवसांनी बालवाडी बंद, असं लिहून टाकलं.

बाजूच्या टेबलावर एक मुलगी बसलेली असायची. आया कामाला गेल्यावर मुलांना कोण सांभाळतं, यावर ती प्रबंध लिहीत होती आणि त्यासाठी महिनाभर आकड्यांचे तक्ते उतरवून घेत होती. दप्तरीकाका तिला प्रबंधताई म्हणायचे. सगळे गेल्यावर ती भिंतीवरच्या सरळ रेघेसमोर जाऊन उभी राहिली.

“काका, बत्तीस घरांत एकही आजोबा वारला नाही, एकही मुलगी सासरी गेली नाही, एकही पाळणा हलला नाही? सगळीकडे पाचच?”

“शिस्त आहे म्हणतात.”

“काका, बटाट्याच्या पोत्यात सगळे बटाटे एकसारखे निघाले तर तुम्ही काय म्हणाल?”

“म्हणेन की हे बटाटे नाहीत.”

“मला मूळ फॉर्म दाखवा.”

काकांनी तिचं ओळखपत्र तपासलं, तिच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली, मग गठ्ठा सोडला. तिने आम्हाला एकेक करून वाचलं. तक्त्यांत नुसते पाच होते. आमच्यावर अक्षर होतं, खाडाखोड होती, टिपा होत्या. माझ्यापाशी ती थांबली. ‘आजींना दात नाहीत. ब्रश आहे.’ ती मोठ्याने हसली. मग हसता हसता मला खाली ठेवलं, आणि लगेच पुन्हा उचललं.

“काका, मोठे चार, छोटे दोन. सहा ब्रश. माणसं पाच. आणि त्यातलं लहान एकच.”

ज्या प्रश्नाची आम्ही जन्मभर लाज बाळगली, त्याच्याकडे इतक्या आदराने कोणी पहिल्यांदाच बघत होतं. माणसं विचारल्यावर सगळे सावध झाले होते. ब्रश विचारल्यावर कोण सावध होणार? दोन दिवस ती बेरजा करत बसली आणि मग साहेबांपुढे कागद ठेवला.

“इमारतीत माणसं एकशे साठ. ब्रश एकशे एक्याण्णव. मुलं एकेचाळीस. छोटे ब्रश अठ्ठ्याहत्तर.”

“ठेवत असतील लोक दोन दोन,” साहेब म्हणाले.

“ठेवत असतील. म्हणून मी मागच्या गल्लीचे फॉर्म बघितले. तिथे शंभर माणसांमागे अठ्ठ्याऐंशी ब्रश आहेत. तिथली माणसं माणसांपेक्षा कमी ब्रश ठेवतात आणि या इमारतीतली जास्त. एका गल्लीचं अंतर आहे, साहेब. दातांचा एवढा फरक पडत नाही. सदतीस मुलं मोजायची राहिलीत. आणि ज्यांना अजून दात आले नाहीत ती वेगळी.”

साहेबांनी भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं. ते वाईट नव्हते हो. त्यांना फक्त सरळ रेघ आवडायची.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “कोणत्या घरात किती, ते नंबर दे. मी आत्ता बालवाडी वाचवतो.”

माझा जीव टांगणीला लागला. चौदा म्हणाली की संपलं! टिल्लीची बालवाडी राहील आणि घर जाईल.

“नंबर नाही देणार,” ती म्हणाली.

“अगं, त्यांच्याच भल्यासाठी.”

तिने कोरा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि कपाळावरच्या ओळीवर बोट ठेवलं. साहेबांनी ते वचन मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं.

“हे कधी छापलं?”

“पहिल्यापासून आहे, साहेब,” दप्तरीकाका म्हणाले.

“मग मला काय देणार तू?”

“अख्ख्या गल्लीचा एक आकडा. कोणाच्या दारापर्यंत न जाणारा. आणि एक विनंती. पुन्हा मोजणी करा, पण मोजणारा एकटा जाऊ दे.”

“विचार करतो,” असं म्हणून साहेब डबा खायला गेले.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चावीवाले भाऊ थेट मागच्या खोलीत हजर. काकांनी किल्ल्यांचा आवाज जिन्यातच ऐकला. आजूबाजूला कपाट नव्हतं, कुलूप नव्हतं, वेळ नव्हता. त्यांनी आमचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि ते आमच्यावर बसले.

माझ्या अंगावर आजवर पुष्कळ माणसांबद्दल लिहिलं गेलं. माणूस स्वतः अंगावर बसला तो एकदाच.

“काका, त्या बत्तीस घरांचे फॉर्म जरा बघायचे होते. पाचच मिनिटं,” भाऊ म्हणाले.

“बसा ना. माझ्या गुडघ्याचं तुम्हाला सांगितलं का?”

पाऊण तास काका डाव्या गुडघ्याबद्दल बोलले. मग उजवा काढला. भाऊ जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिले, उठले, दारापर्यंत गेले, परत आले. मला वाटलं, मालकाने पाठवलंय यांना, आता ओढणार हे काकांना. पण ते खाली बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “सगळे नको, काका. बत्तीस नंबरचा तेवढा... कोणाच्या हाती लागला तर माझी नोकरी जाईल. आणि घरही.”

काका क्षणभर गुडघा विसरले.

“तुमचाही नाही दाखवणार,” ते म्हणाले. “तुम्हालाही नाही आणि मालकालाही नाही. जा, पाणी प्या.”

भाऊ पाणी प्यायले. मग आणखी एक पेला प्यायले.

साहेबांनी शेवटी पुन्हा मोजणीचा हुकूम काढला. बालवाडी बंद व्हायला तेव्हा चार दिवस उरले होते. काम मिळालं चित्रकलेच्या सरांनाच, कारण कोणता नंबर कुठे आहे हे जगात आता भाऊ सोडून फक्त त्यांना माहीत होतं. त्याच दिवशी भाऊंना एका सहीसाठी कचेरीत बोलावण्यात आलं. सही काही सापडेना, मात्र काकांचा खांदाही दुखत असल्याचं निघालं. भाऊ तीन तास बसून होते. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही त्यांनी. घड्याळ बंद पडलेलं असतं तर दुरुस्त करायला लागलं असतं.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. चौदा नंबरचा जो नवा फॉर्म संध्याकाळी माझ्यावर येऊन पडला, त्याने मला हे सांगितलं, आणि तो इतका घाईघाईने सांगत होता की मधेच मला त्याला श्वास घ्यायला सांगावं लागलं.

सरांनी दार वाजवलं. आईने उघडलं. तिने आधी सरांच्या मागे जिन्यात बघितलं, खाली, मग वर. किल्ल्यांचा आवाज नव्हता. या खेपेला सर लगेच प्रश्नावर गेले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी कपाळावरची ओळ तिला वाचून दाखवली. कोणालाही दाखवली जाणार नाही.

“तुम्ही मागच्या वेळी हे वाचलं नव्हतं,” आई म्हणाली.

“नाही. चुकलं माझं.”

“आणि उद्या कोणी विचारलं तर?”

“तर माझ्याआधी तो म्हातारा दप्तरी आहे. त्याला उठवावं लागेल.”

समोरची, शेजारची, वरची दारं बोटभर उघडी होती. सगळा मजला कान लावून उभा होता. चौदा नंबर काय म्हणतं, त्यावर सत्तावीस काय म्हणेल ते ठरणार होतं, आणि सत्तावीसवर तीन. आईने दाराची चौकट धरली. तिचा नवरा आतून तिच्याकडे बघत होता. मान हलवत नव्हता, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

“माणसं किती?” सरांनी विचारलं.

नवा फॉर्म म्हणतो, की ती जी काही गप्प राहिली ना, तेवढ्या वेळात त्याची एक कड पिवळी पडल्यासारखं त्याला वाटलं.

“सहा,” ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

शेजारचं दार पूर्ण उघडलं. मग त्याच्या पलीकडचं. संध्याकाळपर्यंत त्या इमारतीत दोनशे तीन माणसं निघाली. ताईने छापला तो फक्त गल्लीचा आकडा, इमारतीचा नाही. मालकाची पाटी अजून जिन्यात आहे, पण कोणत्या दाराकडे बोट दाखवायचं हे त्याला आजही माहीत नाही. बालवाडीची खोली बालवाडीकडेच राहिली. साहेबांनी सरळ रेघ भिंतीवरून उतरवली. तिथे आता एक वेडीवाकडी रेघ आहे. ती बघितली की ते थोडे उदास होतात, पण ठेवली आहे.

आमचं काय? जुने, खोटे फॉर्म म्हणून आम्हाला लगद्यात धाडायचं ठरलं होतं. ताई आडवी आली. “हा पाच खोटा आहे,” ती मला हातात धरून म्हणाली, “पण लोकांनी पाचच का सांगितलं ते खरं आहे. ते दुसरीकडे कुठे लिहून ठेवलंय?” म्हणून आम्ही अजून रॅकवर आहोत. मी अजूनही सळसळतो. झोप येते असं म्हणणार नाही, कारण खोटं पोटात आहेच. फक्त आता त्याच्या शेजारी खरं ठेवलेलं आहे.

तर मित्रांनो, आम्हाला जपा. आमच्यावर चहा ठेवू नका, आमच्या गठ्ठ्यांवर वाळवी चढू देऊ नका, आणि कोणी मोजायला आलं तर खरं सांगा. आणि मोठे होऊन तुम्हीच पॅड घेऊन कोणाच्या दारात उभे राहिलात, तर एकटे जा. आधी वचन वाचा, मग प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत घाई करू नका. चौदा नंबरला आईने सहा म्हटल्यावर सरांनी सहाव्या माणसाचं नाव विचारलं, तेव्हा आतून ओरडून सांगण्यात आलं, “थांबा, मीच सांगणार!” सर थांबले. बराच वेळ थांबले. टिल्ली चपला शोधत होती. मोजायला लोक आल्यावर अनवाणी कसं जायचं?